कुमुदताईंचा नकार

डॉ. कुमुद सबनीस पिंजऱ्यात हात घालण्याआधी तळवे एकमेकांवर चोळून गरम करायच्या. दिल्लीच्या जानेवारीत सगळेच हात चोळतात. त्या मे महिन्यातही चोळायच्या. प्राणीगृहात एसी बारा महिने चालू असे आणि गार हाताने धरलं की उंदीर दचकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना याचं हसू यायचं. आठवडाभरात तेही हात चोळायला लागायचे, कारण न चोळता कुणी पिंजरा उघडला तर ताई त्याला सगळ्यांसमोर बाहेर काढायच्या.

दक्षिण दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत आम्ही दोघी नोकरीला होतो. त्या पशुवैद्य, प्राणीगृहाच्या प्रमुख. मी, अरुणा, कार्यालयात. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी एक समिती असते, तिच्या बैठकांची टिपणं मी लिहायचे. त्यामुळे पुढे जे झालं त्यातलं बरंचसं माझ्यासमोर झालं, आणि राहिलेलं त्यांनी स्वतः मला सांगितलं.

कुमुदताई दिल्लीतच जन्मल्या. वडील अण्णासाहेब केंद्र सरकारात नोकरीला, आई हिंदूराव हॉस्पिटलमध्ये नर्स, आणि घरही तिथेच, रिजच्या टेकडीच्या पायथ्याशी. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी त्यांची वाढ. लहानपणी आईला डबा द्यायला जाताना वाटेत टांग्यांचे घोडे दिसायचे, जखमेवर माश्या बसलेल्या असायच्या, आणि माणसांच्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलच्या दारात उभ्या असलेल्या घोड्याकडे कुणी बघत नाही याचा त्यांना राग यायचा. पशुवैद्य व्हायचं ते तेव्हाच ठरलं, असं त्या म्हणत. लग्न केलं नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या संस्थेत आल्या तेव्हा प्राणीगृह म्हणजे मागच्या बाजूची एक वास मारणारी शेड होती. एका पिंजऱ्यात मावणार नाहीत इतके उंदीर कोंबलेले असत, आणि प्रयोग संपला की त्यांना कसं मारायचं याचा कुणी विचार करत नसे. ताईंनी भांडून ते सगळं बदललं. पिंजरे आले, भूल देण्याची नीट सोय आली. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, शास्त्रज्ञांना प्रत्येक उंदराचं कारण द्यावं लागायला लागलं. तीस मागितले तर ताई विचारायच्या, वीसमध्ये का नाही भागणार? मोठमोठे प्राध्यापक त्यांच्या समोर घुटमळायचे. दरवर्षी संस्थेत वापरल्या गेलेल्या प्राण्यांचा आकडा आदल्या वर्षापेक्षा कमी असायचा. घरी दाखवायला मुलं नव्हती, पण हा आकडा होता, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

यतीन वाकोडे आमच्यात आला तो जेवणाच्या डब्यामुळे. अकोल्याकडचा मुलगा, मुनिरक्यात एका खोलीत राहायचा आणि ढाब्याचं खाऊन कंटाळला होता. कँटीनमध्ये आम्हा दोघींचं मराठी ऐकून तो एक दिवस ताट घेऊन आमच्या टेबलापाशी आला आणि "बसू का?" म्हणाला. त्यानंतर ताई डब्यात दोन पोळ्या जास्त आणू लागल्या. ऑफिसात त्या त्याच्या मॅडम होत्या, जेवताना ताई. त्याच्या बोलण्यातले कितीतरी शब्द ताईंना माहीत नसायचे. बांध म्हणजे काय, वखर म्हणजे काय, असं त्या विचारायच्या आणि तो टेबलावर बोटाने आकृती काढून दाखवायचा.

तो डॉ. माथुर यांच्या प्रयोगशाळेत काम करायचा. पीएचडी तिथेच केली आणि पुढे कंत्राटावर तिथेच राहिला. विषय असा होता: मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा कमी होतो, कधी पाय कापावा लागतो. तो पुरवठा वाढवेल असं एक औषध माथुर सरांनी शोधलं होतं. उंदराला भूल देऊन त्याच्या मागच्या पायाची मुख्य रक्तवाहिनी बांधायची, मग औषध द्यायचं आणि पायात रक्त पुन्हा किती येतं ते मोजायचं. मोजण्याची जुनी रीत अशी की रक्तात बारीक रंगीत मणी सोडायचे. जिथे रक्त जास्त जातं तिथे मणी जास्त अडकतात. पण ते मोजायला स्नायू कापून घ्यावा लागतो, म्हणजे उंदीर मारावाच लागतो. पहिल्या आठवड्याला वेगळे उंदीर, दुसऱ्याला वेगळे, चौथ्याला वेगळे.

मग लेझरचा कॅमेरा आला. उंदराला थोडा वेळ भूल द्यायची, पायावर लेझरचा उजेड टाकायचा, आणि समोरच्या पडद्यावर पाय रंगांत दिसायचा. रक्त वाहतंय तिथे लाल, कमी आहे तिथे निळा. ना सुई, ना कात्री. तोच उंदीर शुद्धीवर येऊन पिंजऱ्यात परत, पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याचाच फोटो. ज्या कामाला शंभर उंदीर लागायचे ते आता वीस-पंचवीसांत होणार होतं. पहिल्या दिवशी ताई त्या पडद्यासमोर किती वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या प्रयोगशाळेला मिठाई वाटली. मशीन माथुर सरांचं होतं, पण आनंद ताईंना झाला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी यतीनचा अर्ज समितीपुढे आला. औषधाच्या मुख्य प्रयोगासाठी त्याने उंदीर मागितले होतेच, शिवाय आणखी चोवीस मागितले होते. या चोवीसांचे आधी कॅमेऱ्याने फोटो काढायचे, मग रंगीत मणी सोडून त्यांना मारायचं आणि दोन्ही मोजमापं जुळतात का ते पाहायचं. माथुर सरांनी सही केली होती, पण त्यांचं या भागात फारसं लक्ष नव्हतं. बैठकीत ताईंनी तो भाग काढून टाकायला सांगितला. कॅमेरा जगभर वापरला जातो, त्यावर शेकडो शोधनिबंध निघालेत, मग आपण तेच पुन्हा सिद्ध करायला चोवीस जीव का घ्यायचे, असं त्यांनी विचारलं. माथुर सर म्हणाले, ठीक है, मॅडम का पॉइंट सही है. बाकी कुणी काही बोललं नाही. मी लिहून घेतलं.

जेवताना यतीनने तो विषय पुन्हा काढला. त्याचं ताट भरलेलंच होतं.

"ताई, तो कॅमेरा जेमतेम कातडीपुरतं बघतो. उजेड फार आत जातच नाही. स्नायूत काय चाललंय ते त्याला दिसत नाही."

"कातडीत रक्त आलं म्हणजे आतही आलं असणारच ना?"

"बहुतेक. पण आपलं औषध नेमकं कातडीच्याच बारीक वाहिन्या उघडत असेल तर? मग वर सगळं लाल दिसेल. आणि उंदराचं अंग थोडं गरम असलं, भूल थोडी कमीजास्त झाली, तरी रंग बदलतो. मी पाहिलंय."

ताईंनी भाजीचा डबा त्याच्याकडे सरकवला. "यतीन, नुसत्या शंकेसाठी जीव घ्यायचा नसतो."

यतीनने डबा हातानेच थांबवला. मग म्हणाला, "शंका आता फेडली नाही, तर पुढे जे जीव घेऊ ते कशासाठी घेतले हेच कळणार नाही."

ताईंना ते लागलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. इतकी वर्षं सगळ्यांनी त्यांना प्राण्यांची कैवारी म्हटलं होतं आणि हा मुलगा त्यांना प्राण्यांचा हिशेब शिकवत होता. त्या म्हणाल्या, "माझ्या प्राणीगृहात हे होणार नाही. विषय संपला." त्या कधी त्याच्याशी अशा आवाजात बोलल्या नव्हत्या. यतीन मान खाली घालून जेवला. तो कंत्राटावर होता, तरी हवं तर समितीकडे पुन्हा अर्ज करू शकला असता. त्याने केला नाही. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा टेबलावर आला, ताईंनी नेहमीसारख्या दोन पोळ्या दिल्या, आणि ती गोष्ट मागे पडली.

पुढची दोन-तीन वर्षं सगळं छान चाललं. औषध दिलेल्या उंदरांचे पाय पडद्यावर लालभडक दिसायचे, न दिलेल्यांचे निळसर. ती चित्रं इतकी बोलकी होती की माथुर सरांच्या भाषणात लोक मोबाइल काढून त्यांचे फोटो घेत. शोधनिबंध निघाला. आणखी प्रयोग झाले, औषधाचे कमीजास्त डोस, नर उंदीर, मादी उंदीर, म्हातारे उंदीर. प्रत्येक वेळी अर्ज समितीपुढे यायचा, आणि कॅमेऱ्यामुळे प्राणी कमी लागतात म्हणून पटकन मंजूर व्हायचा. यतीन सुरुवातीला निबंधात एक वाक्य घालायचा, की ही पद्धत फक्त वरच्या थराचं मोजमाप देते. माथुर सर ते वाक्य शेवटच्या परिच्छेदात ढकलायचे. पुढे त्याने ते घालणंही सोडलं. मी त्याला एकदा विचारलं की तुझ्या त्या शंकेचं काय झालं. म्हणाला, "अरुणाताई, रोज लाल बघून बघून मलाही लालच खरं वाटायला लागलंय."

मग फरीदाबादच्या एका कंपनीने ते औषध सशांवर करून पाहायला घेतलं. माणसांच्या आधीची पायरी म्हणून. काही आठवड्यांनी त्यांच्याकडून ताईंना फोन आला. कॅमेरा चांगलं चित्र दाखवतोय, पण ससे पाय टेकवत नाहीत. तुम्ही प्राण्यांच्या जाणकार, येऊन बघाल का? ताई मेट्रोने गेल्या. मी बरोबर नव्हते, पण त्यांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे असल्यासारखं मला आठवतं.

एका सशाला त्यांनी मांडीवर घेतलं. रक्तवाहिनी बांधलेला पाय हाताला गरम लागला. लव बाजूला करून पाहिलं तर कातडी गुलाबी होती, निरोगी दिसावी तशी. मांडी दाबली तेव्हा मात्र बोटांखाली काहीतरी चुकीचं वाटलं. स्नायू दाबला की परत उसळी घेतो. हा घेत नव्हता. खाली सोडल्यावर ससा पाय ओढत चालत होता, आणि त्याच्या डोळ्यांत दुखण्याची जी झाक असते ती त्यांना ओळखू आली. त्यांनी आधी त्याच्या दुखण्यावर औषध द्यायला लावलं. मग म्हणाल्या, याला यातून सोडवू या. भूल देऊन त्यांनी स्वतः त्याला शांत केलं आणि मांडी उघडली. गुलाबी कातडीखाली स्नायू राखाडी आणि पिठूळ झालेला होता. मेलेला, आणि काल-परवा नव्हे.

औषधाने कातडीच्या वाहिन्या उघडल्या होत्या. आतल्या स्नायूला कदाचित मिळत होतं तेही रक्त कमी झालं असावं. कॅमेरा खोटं बोलला नव्हता. त्याला जेवढं दिसत होतं तेवढं त्याने दाखवलं होतं. उंदरांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण उंदराचा पाय बऱ्याचदा आपोआपच सावरतो, औषध दिलं तरी आणि नाही दिलं तरी. सशाचा तसा सावरत नाही.

कंपनीने काम थांबवलं. उरलेल्या सशांतले बहुतेक वाचवण्यासारखे नव्हते. ताई दोन दिवस तिथेच थांबून त्यांचं सगळं व्यवस्थित करून आल्या.

परत आल्यावर त्या ऑफिसात माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, आपल्याकडे या कामाला आतापर्यंत किती उंदीर गेले ते बघून सांग. मी बघून सांगितलं. तीनशेच्या वर होते. त्यांनी मान हलवली.

"चोवीस वाचवायला गेले मी," त्या म्हणाल्या.

मला त्यांचं समाधान करता आलं असतं. तुमचा हेतू चांगला होता, बाकीचेही गप्पच होते, असं काहीतरी. त्यांचा चेहरा बघून मी नोंदींची वही मिटली.

संस्थेत चर्चा सुरू झाली तेव्हा माथुर सर म्हणाले की मोजमापं यतीनने घेतली होती, भूल आणि तापमान त्याने नीट सांभाळायला हवं होतं. हे पूर्ण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. यतीनचं कंत्राट संपत आलं होतं, ते वाढवलं नाही. तो कुणाशी भांडला नाही. ताईंनी संचालकांना जाऊन सांगितलं की या मुलाने आधीच शंका काढली होती आणि मी ती उडवून लावली. संचालकांनी ऐकून घेतलं, पाणी मागवलं, आणि म्हणाले की मॅडम, आता त्याने काय फरक पडणार?

तो खोली सोडायच्या दिवशी आम्ही दोघी मुनिरक्याला गेलो. तीन मजले चढताना ताईंना धाप लागली. खोलीत पुस्तकांची खोकी बांधलेली होती आणि गादी गुंडाळून भिंतीला लावलेली होती. बसायला काही नव्हतं म्हणून आम्ही खोक्यांवर बसलो. ताईंनी डबा आणला होता, पण तो उघडला नाही.

"तू विचारलं होतंस," ताई म्हणाल्या. "मी ऐकलं नाही. मला वाटलं, दया येते म्हणजे मला कळतंही."

यतीन खोक्याची दोरी आवळत होता. "मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, ताई. तुम्ही नाही म्हणालात आणि मला मनातून बरंच वाटलं. चोवीस उंदीर मलाच मारावे लागले असते ना."

खाली भाजीवाला ओरडत होता. थोड्या वेळाने यतीनने विचारलं, चहा घेणार का, पण गॅस त्याने आदल्या दिवशीच परत केला होता, ते त्याला मग आठवलं. निघताना ताईंनी डबा त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, डबा परत कसा देऊ? ताई म्हणाल्या, राहू दे.

त्याला पुढे फरीदाबादलाच एका छोट्या औषध कारखान्यात तपासणीची नोकरी मिळाली. गोळ्यांच्या खोक्यांमधून नमुने काढून ते विरघळायला किती वेळ घेतात ते बघायचं. पगार बरा होता. प्राण्यांशी किंवा रक्ताशी काही संबंध नव्हता.

आणि ताईंनी समितीपुढे एक अर्ज आणला. पहिल्यांदाच अर्जदार म्हणून त्यांचं नाव होतं. तेच चोवीस उंदीर, तोच कॅमेरा, तेच रंगीत मणी. समितीत तोपर्यंत एक तरुण सदस्य आल्या होत्या, प्राण्यांच्या बाजूने ठाम बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं की औषध तर आता बादच झालंय, मग हे जीव कशासाठी? ताई बराच वेळ बोलल्या. हा कॅमेरा संस्थेत आणखी तीन प्रयोगशाळा वापरतात, त्यांच्या मोजमापावर किती विश्वास ठेवायचा हे कुणालाच माहीत नाही, आणि ते माहीत नसताना दिलेली प्रत्येक परवानगी ही आंधळी परवानगी आहे, असं त्या म्हणाल्या. त्या सदस्यांना ते पटलं की नाही मला सांगता येत नाही. तुमच्या वयाची असते तर मीही असंच बोलले असते, असं ताई त्यांना शेवटी म्हणाल्या. अर्ज मंजूर झाला.

तनया नावाच्या नव्या विद्यार्थिनीने फोटो काढले आणि मणी मोजले. मारण्याचं काम मात्र ताईंनी कुणालाच करू दिलं नाही. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, तरी प्रत्येक उंदीर त्यांनी स्वतः हातात घेतला. तनयाने मला सांगितलं की त्या काळात मॅडम जेवायला यायच्या नाहीत. खरंच आमच्या टेबलावर तेव्हा मी एकटीच असायचे.

निकाल यतीनने सांगितला होता तसाच आला. कातडीच्या रक्ताशी कॅमेऱ्याचे आकडे चांगले जुळत होते. खालच्या स्नायूशी जवळजवळ नाहीच, आणि औषध दिलेल्या उंदरांत तर उलटेच. एकाच उंदराचं आज आणि उद्या मोजलं तरी आकडे बरेच हलत होते. ताईंनी यतीनला फोन केला. आकडे पाहशील का, निबंधावर पहिलं नाव तुझं घालते. त्याने आकडे पाहिले, दोन चुका काढून पाठवल्या, नावाला हरकत घेतली नाही. भेटायला मात्र आला नाही. निबंध एका लहानशा नियतकालिकात आला. माथुर सरांचा जुना निबंध अजून तसाच आहे आणि लोक त्याचाच हवाला देतात, कारण त्यातली चित्रं सुंदर आहेत.

ताई निवृत्त झाल्या आणि हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या जुन्या घरी परत गेल्या, आता त्या घरात एकट्याच. मी महिन्यातून एखाद्या रविवारी जाते. शेजाऱ्यांच्या कुत्र्या-मांजरांना त्या फुकट बघतात. रिजवरची माकडं गच्चीवर येतात, त्यांच्यावर रागावतात. मुनिरक्याचा विषय आम्ही टाळतो.

मागच्या हिवाळ्यात यतीन मला सरोजिनी नगरच्या बाजारात भेटला, बायकोसोबत स्वेटर घ्यायला आला होता. त्याने तिला माझी ओळख करून दिली, जरा जास्तच आदराने. ताई कशा आहेत असं विचारलं. मी म्हटलं, तूच जाऊन बघ ना, रविवारी घरीच असतात. म्हणाला, हो, जायचंय एकदा. बायको पुढच्या दुकानात गेली होती, तिकडे त्याने एकदा पाहिलं. मग म्हणाला, "गेलो तर त्या पुन्हा माफी मागतील. मला ते ऐकवत नाही."

पुढच्या रविवारी मी ताईंना सांगितलं की यतीन भेटला होता. तो काय म्हणाला ते सांगितलं नाही. त्या गॅसवर दूध ठेवत होत्या.

"बरा दिसतो का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बरा दिसतो, थोडा सुटलाय. त्या हसल्या. लग्न झालं हे ऐकून मुलगी कुठली, मराठी की इकडची, असं विचारलं. मला माहीत नव्हतं. मग दूध वर आलं, त्यांनी गॅस बंद केला आणि शेजारच्या मांजरीच्या पिल्लांचं सांगायला लागल्या.